डाव्या चाकाचा पाचवा नट

मी रेसची गाडी बोलतेय. देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एकोणीसशे साठ साली बेंगळूरबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर मी ताशी नव्वद मैलांनी धावले, आणि मी उडवलेली लाल धूळ आजूबाजूच्या तीन गावांनी दोन दिवस आपापल्या अंगणातून झाडून काढली.

बरं, बरं. धावले ती मी नव्हे. ती मोठी गाडी वेगळी, खऱ्या लोखंडाची. मी तिची प्लास्टिकची नक्कल. लांबी वीतभर, जन्म शहाण्णव सालचा, आणि चाकं चिकटवलेली, त्यामुळे स्वतःच्या बळावर आजतागायत इंचभरही सरकलेली नाही. पण शपथ घेतली ती घेतली. तुम्ही विश्वास ठेवा, मी सांगते.

माझा जन्म खोक्यातला. मल्लेश्वरमच्या पुरुषोत्तमरावांना त्यांच्या मुलानं, श्रीरंगनं, मला अमेरिकेहून पाठवलं. सोबत चिठ्ठी: 'बाबा, रिटायर व्हायच्या आत एखादा छंद लावून घ्या, नाहीतर आईला वेड लावाल.' खोक्यावर एका लालचुटूक गाडीचं चित्र होतं, इतकी चकचकीत की तिच्यात बघून भांग पाडून घ्यावा. आत मात्र मी दुधी रंगाच्या शंभरेक तुकड्यांत विखुरलेली. दार एकीकडे, टप दुसरीकडे, चाकं कागदाच्या पुडीत.

पुरुषोत्तमराव विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर. तीस वर्षं दुसऱ्यांनी आवळलेले नट तपासायचे, हेच काम. ती सवय घरीही यायची. ताटातली इडली उचलून ते कडेनं न्याहाळायचे, तेव्हा त्यांच्या पत्नी विद्याताई म्हणायच्या, "अहो, इडली आहे ती, बेअरिंग नव्हे. खा."

त्यांनी माझं खोकं उघडलं, चित्र बघितलं आणि चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "विद्या, ही दादाची गाडी आहे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, चामराजपेटचे चंद्रकांत. तरुणपणी त्यांनी शिवाजीनगरच्या एका भंगारवाल्याकडून अशीच एक जुनी अमेरिकन गाडी उचलली होती. बंपर काढले, मडगार्ड काढले, काचा काढल्या, दारावर चुन्यानं सात आकडा रंगवला आणि शर्यतीला जुंपली. रस्त्यावरच्या साध्यासुध्या गाडीला असं शर्यतीला लावतात, तिला स्टॉक कार म्हणतात म्हणे. बाजारात चालणाऱ्या बाईला धावण्याच्या स्पर्धेत उभी करावी, तसाच प्रकार.

त्या साठ सालच्या शर्यतीत चाकं आवळायचं काम एकवीस वर्षांच्या पुरुषोत्तमकडे होतं. डावं पुढचं चाक आवळताना कोणीतरी हाक मारली, "चहा आलाय रे, बन पण आहेत." तो उठला. बन खाल्ला. परत आला तोवर निशाण पडलं होतं. तिसऱ्या फेरीत ते चाक निखळलं, गाडी उलटली आणि दादांचा पाय मांडीत मोडला. संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या पुरुषोत्तमनं रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला एक नट लागला.

पाचापैकी चार नटांवर चाक टिकलं असतं, असं कोणी म्हणेल. पण ते चार तरी नीट आवळले होते की नाही, हे त्याला आठवेना. तेव्हाही नाही आणि आजही नाही.

दादा सगळ्यांना सांगत राहिले, "खड्डा होता. माझंच लक्ष नव्हतं." लंगडत संसार केला, लेथचं छोटं वर्कशॉप चालवलं, पुन्हा शर्यतीचं नाव काढलं नाही. त्यांना ठाऊक होतं का? पुरुषोत्तमरावांनी कधी विचारलं नाही. छत्तीस वर्षं विचारलं नाही. आणि मी आले त्या वर्षी मार्चमध्ये दादांना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. आता विचारून तरी काय, उत्तर कोण देणार? पण सांगायचं तर होतंच, दादा ऐकू शकतात तोवर.

तर असा माझा घाट. मला लाल चकचकीत करायचंच नव्हतं. मला त्या दिवशीची करायची होती, चाक निखळण्याच्या मिनिटभर आधीची.

रविवार सकाळ झाली की बाल्कनीत वर्तमानपत्र पसरायचं. निरांजनाच्या ज्योतीवर चमचा तापवायचा आणि बाहेरून माझ्या प्लास्टिकच्या पत्र्याला पोचे पाडायचे. एकोणीस पोचे. प्रत्येकाचा इतिहास त्यांना पाठ. हा म्हशीनं दिलेला, हा दादानं स्वतःच रागानं लाथ मारून पाडलेला. रंगाचे पोपडे उडालेले दिसावेत म्हणून ओल्या रंगावर मीठ भुरभुरायचं, वर दुसरा रंग मारायचा, वाळला की मीठ खरवडायचं. विद्याताई कपाळाला हात लावायच्या. "लोक जुन्या गाड्या नव्या करतात. आमच्याकडे नवी गाडी जुनी करायला अर्धा किलो मीठ!"

गंज खरा हवा, म्हणून घराच्या फाटकाचा गंज कानशीनं काढून फडक्यातून गाळला. शेजारच्या अनुसूयाक्का कंपाउंडवरून बघत होत्या. त्यांचं कानडी 'एनु' म्हणजे आपलं 'काय हो'. "एनु पुरुषोत्तमअण्णा, गेट बारीक करताय का?"

"गंज काढतोय, अक्का."

"मग आमचं पण काढा की. स्वल्प जास्तच आहे."

चिखल मात्र त्यांनी दोन बस बदलून त्या धावपट्टीवरून आणला, शेंगदाण्याच्या पुडीतून. सुरुवातीला मी जी लाल धूळ सांगितली, तीच माझ्या अंगावर आली. तेवढं तरी खरं होतं.

सगळ्यात शेवटी डावं पुढचं चाक. प्रत्येक चाकावर पाच-पाच नट, खसखशीपेक्षा थोडे मोठे. त्यांनी ब्लेड घेतलं, पाचवा नट खरवडून काढला आणि जागा बोटानं चाचपून बघितली. मग मला डोळ्यांसमोर धरून हळूच म्हणाले, "मला नाही जमणार गं. तूच सांग त्याला."

म्हणजे बघा, माणसाला तोंड असून सांगता येईना, आणि जिला तोंडच नाही तिच्यावर काम सोपवलं. पण मी छाती फुगवली. एका नसलेल्या नटानं मी छत्तीस वर्षांचं सगळं सांगणार होते. दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याच्या घरी आपट्याची पानं घेऊन जायचं, पाया पडायचं. त्याच दिवशी मला दादांच्या हातात द्यायचं ठरलं.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी येते आयुधपूजा.

बेंगळुरात त्या दिवशी चाक असलेलं आणि धार असलेलं काहीही सुटत नाही. स्कूटर, सायकल, शिलाई मशीन, विळी, कात्री, सगळ्यांना अंघोळ, हळदकुंकू, झेंडू. पुरुषोत्तमराव कारखान्यातल्या मशिनांच्या पूजेला गेले होते. विद्याताईंनी देवापुढं सगळं मांडलं आणि त्यांची नजर कपाटावर माझ्याकडे वळली.

"अगं बाई," त्या मला म्हणाल्या, "तू पण गाडीच ना? अशी चिखलात बरबटलेली देवापुढं बसणार? उद्या भाऊजींच्या घरी जायचंय, ते काय म्हणतील?"

मी ओरडले. तुम्हाला ऐकू आलं का? नाही ना? त्यांनाही नाही आलं.

रिठ्याचं पाणी, दातांचा जुना ब्रश. गेला गंज. गेला चिखल. दोन बस बदलून आलेली माती मोरीत गेली. सात आकडा अर्धा पुसला. पोचे मात्र निघेनात, तेव्हा त्या हळहळल्या, "माझ्या राणीला किती मार बसलाय!" इतक्या मायेनं मला आजवर कोणी हात लावला नव्हता, हेही सांगते. मायेनंच माझी वाट लावली. चाकाखाली लिंबू ठेवायचा रिवाज. लिंबू माझ्या चाकाहून मोठं, म्हणून मलाच लिंबावर चढवलं.

मग चाकांना कुंकू लावताना त्या थबकल्या. "अय्या, यांचा एक नट राहिलाच की!" फोडणीच्या डब्यातून त्यांनी बारीकातली बारीक मोहरी निवडली, नवऱ्याच्या ट्यूबमधला गोंद लावला आणि पाचव्या नटाच्या जागी नीट दाबून बसवली. वर झेंडूचं फूल.

संध्याकाळी पुरुषोत्तमराव आले. मला बघितलं आणि माझ्या अर्ध्या पुसलेल्या सातावरून बोट फिरवलं.

"छान झाली ना?" विद्याताई म्हणाल्या. "बाजारातून आणल्यासारखी!"

त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. विद्याताईंच्या बोटांना रिठ्यानं सुरकुत्या पडल्या होत्या. "छान झाली," ते म्हणाले. मनात म्हणाले असतील, गंज गेला तर गेला, नट नाही ना, तेवढं पुरे. पूजेचं फूल दुसऱ्या दिवसापर्यंत काढायचं नसतं, म्हणून त्यांनी खाली बघितलंच नाही. तीस वर्षांचा इन्स्पेक्टर, पण देवाच्या फुलाखाली तपासायचं त्याला सुचलं नाही.

दसऱ्याला ऑटोनं निघालो. मी पुरुषोत्तमरावांच्या मांडीवर, गळ्यात हार. ऑटोवाला आरशातून हसला. "एनु सार, पूजा त्या गाडीची आणि बसायचं माझ्या गाडीत?"

दादा खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांच्या मुलीनं, नयनानं, त्यांना नवा शर्ट घातला होता. पुरुषोत्तमरावांनी पानं दिली, पाया पडले आणि मला दादांच्या डाव्या हातात ठेवलं. त्या हातानं मला लगेच ओळखलं. अंगठा टपावरून, दारावरून, म्हशीच्या पोच्यावरून फिरला. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा," पुरुषोत्तमराव म्हणाले, "हे चाक बघ." आणि त्यांनी फूल काढलं.

पाच नट.

मी त्यांचा चेहरा बघितला. असा चेहरा तुम्ही बघू नये.

"मीच लावला बरं तो," विद्याताई कौतुकानं म्हणाल्या. "यांचा एक राहिला होता."

नयना टाळी देऊन हसली. "काका! इन्स्पेक्टर तुम्ही, आणि तुमचाच नट राहिला?"

"आणि तो कळला कोणाला, तर काकूला!" विद्याताई म्हणाल्या.

दादाही हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले, खांदा हलेपर्यंत. मग पुरुषोत्तमरावही हसले, कारण न हसून करणार काय?

आणि मग दादांनी काय केलं सांगू? डाव्या अंगठ्याचं नख त्या मोहरीखाली घातलं आणि टिचकीनं उडवली. ती जाऊन नयनाच्या रांगोळीत पडली. रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्यांनी धाकट्या भावाकडे बघितलं, त्याचा हात ओढून आपल्या मोडलेल्या मांडीवर ठेवला आणि थोपटला. म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुरुषोत्तमराव त्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले.

आता शपथेचं काय ते बोलून टाकते, कारण इथून पुढं खोटं बोलायला माझ्यातही दम नाही. ही शेवटची गोष्ट मी रचली. टिचकी नाही, थोपटणं नाही, रडणं नाही. बाकीचं, चहा-बन आणि रिठ्यासकट, सगळं घडलं. दादा हसले, तेही खरं. पण ते नयनाच्या थट्टेला हसले, की थट्टा नकळत त्या साठ सालच्या नटावर जाऊन बसली म्हणून हसले, हे मी त्यांच्या तळहातावर बसून होते तरी मला कळलं नाही. हसून झालं, नयनानं साखरभात वाढला, दादांनी मला परत दिलं आणि आम्ही दुसऱ्या ऑटोनं घरी आलो.

आज तीन वर्षं झाली. मी मल्लेश्वरमच्या कपाटात, टीव्हीच्या वर आहे. दुसरा झटका अजून आलेला नाही. दर रविवारी पुरुषोत्तमराव चामराजपेटला जायला निघतात, चपला घालता घालता सांगायचं ते घोकत ओठ हलवतात, आणि संध्याकाळी तेच ओठ तसेच मिटून परत येतात. मोहरी गोंदानं घट्ट बसली आहे. मला हात नाहीत. तुमच्यापैकी कोणी त्या घरी गेलात, तर माझ्याकडे बघू नका, माझं कौतुक करू नका. त्यांना फक्त चपला घालू द्या आणि फाटकापर्यंत सोबत जाऊन एवढंच सांगा, की दादांना ऐकू येतं.