गुदमरलेलं पिंप

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर कशालाही चांगलं म्हटलं नाही. आमच्या तळघरातल्या एखाद्या पिंपातली वाइन चाखून ते "चालेल" म्हणाले, तर माझा नवरा दिवसभर शीळ घालत फिरायचा.

मग थंडीत त्यांना ताप आला, आणि जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. वास नाही म्हणून चव नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. तेव्हापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दोन घास खायचे आणि ताट सारायचे. तळघराचा जिना उतरायचं नाव काढत नव्हते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोड बोलायला लागले. रोज संध्याकाळी मी त्यांना ग्लासभर वाइन नेऊन द्यायचे. ते एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "छान झालीय, सूनबाई."

छान! त्या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खेकसणारा सासरा परवडला, पण हा पाहुण्यासारखा बसलेला म्हातारा मला नको होता. मला माझे बाबा परत हवे होते.

नवरा गाडीत बाटल्या भरून गावोगाव हिंडणार, म्हणजे पिंपं, नळ्या, फरशी धुणं, स्वयंपाक, सगळं माझ्या गळ्यात. त्या दिवशी कोपऱ्यातल्या पिंपाची तोटी उघडली आणि कुजक्या अंड्याचा असा भपकारा आला की मी तोंडच फिरवलं. अख्ख्या हंगामाची मेहनत मातीत. रडायचं म्हटलं तर तेवढंही त्राण उरलं नव्हतं. मी तीच वाइन ग्लासात भरली आणि वर नेली. चुकून नाही, मुद्दाम. आज तरी या माणसाने खरं बोलावं.

बाबांनी घोट घेतला. "छान झालीय, सूनबाई."

"काय छान, बाबा? कुजक्या अंड्यासारखी घाण येतेय तिला! मांजरसुद्धा ग्लास बघून पळालं असतं!"

मला वाटलं, सुटलं माझं तोंड, आता जन्मभर ऐकून घ्यायचं. पण त्यांनी ग्लास शांतपणे खाली ठेवला.

"मला काही कळत नाही गं," ते म्हणाले. "पाणी काय नि वाइन काय, सारखंच. पण तू दिवसभर राबून वर येतेस, तुझा चेहरा बघवत नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय द्यायला? म्हटलं, निदान चांगला शब्द तरी द्यावा."

इतके महिने मी चिडत होते ती त्यांच्या मायेवर.

"ते पिंप मी उद्या ओतून टाकते," मी कसंबसं म्हणाले.

"ओतून?" त्यांचा आवाज चढला. "नीट सांग. व्हिनेगरचा वास आहे का त्यात?"

"नाही. नुसतं अंडं."

"मग ती मेलेली नाही, गुदमरलीय. इतके दिवस कोंडून ठेवल्यावर दुसरं काय होणार? हवा द्यायला हवी. माझी काठी आण."

भिंतीला धरून ते जिना उतरले, तेही हुकूम सोडत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी पिंपाखाली टब लावला आणि बादलीने वाइन दुसऱ्या टबात ओतू लागले.

"उंचावरून ओत! रोपट्याला पाणी घालतेयस का?"

दर बादलीनंतर ते विचारायचे, "आता?"

"अंडं."

"आता?"

"अंडंच, पण जरा लांबून."

"आता?"

मी वाकले आणि तशीच थांबले. "बाबा, फळाचा वास येतोय. प्लमचा."

"त्या मळ्याच्या द्राक्षांना प्लम कुठला? परत हुंग."

परत हुंगलं. चेरी होती. तिच्यामागे ओलं लाकूड, त्याच्याही मागे थोडी मिरी. मी सांगत गेले आणि ते डोळे मिटून घोट घेत मान हलवत राहिले. परगावी गेलेल्या माणसाची खुशाली ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी ग्लास भरून माझ्या हातात दिला.

"तू पी. आणि बस जरा."

मी पायरीवर बसले. घोट पोटात गेला तशी ऊब वर आली, आखडलेले खांदे सैल पडले. वाइन करणाऱ्या घरात असं बसून मी शेवटची कधी प्यायले होते, तेच आठवेना.

"चव नाही कळली तरी जिभेला कोरडी लागतेय एवढं कळतं," बाबांनी निकाल दिला. "एवढ्यात बाटलीत भरायची नाही. आणि या फरशीची काय दशा केलीयस?"

मी हसले. ते काठी टेकत जिना चढायला लागले आणि वरच्या पायरीवर वळले.

"उद्या उशिरापर्यंत झोप. सकाळी तळघर मी उघडतो. वास घ्यायचं तेवढं तू उठल्यावर बघू."

मी सहजासहजी रडणारी बाई नाही. पण त्या दिवशी ग्लास हातात धरून मनसोक्त रडले, आणि माझं आटपेपर्यंत बाबा दार धरून वर उभे राहिले.