पहिली परात विकायची नसते

मित्रांनो, माझ्या काठाला एक पोचा आहे. अंगठ्याने चाचपलात तर लगेच सापडेल. बाकी मी गोल, उथळ आणि इतकी रुंद, की एका माणसाच्या दोन्ही हातांत जेमतेम मावेन. तांब्याची परात आहे मी, फार जुनी. समुद्राकाठच्या नीस शहरात माझे आयुष्य गेले.

डोंगरातल्या एका खेड्यात बातिस्त नावाच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पाठीवर आहेत. आतून त्याने चांदीसारखी लखलखीत कल्हई लावली आणि गाढवाच्या पाठीवर बांधून मला शहरात आणले. पहिल्याच दिवशी दगडी रस्त्यावर हातगाडी उलटली आणि पोचा पडला. तेव्हा मला फार वाईट वाटले होते. पुढे हाच पोचा माझ्या कामी येणार आहे, हे मला काय ठाऊक!

माझे काम एकच. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ यांचे पातळ पीठ माझ्यात ओतायचे आणि मला लाकडाच्या भट्टीत सरकवायचे. तुमच्या घरी बेसनाचे धिरडे होते ना, त्याचाच हा मावसभाऊ. आमच्याकडे त्याला सोक्का म्हणतात. वरून मिरपूड घालतात, उलथन्याने खरवडून कागदाच्या पुडीत देतात आणि बोटे भाजत भाजत खातात.

माझी मालकीण फोस्तीन. आवाज खणखणीत, हात भाजल्याच्या डागांनी भरलेले आणि नियमाला पक्की. तिचा नवरा गल्लीत भट्टी सांभाळायचा, ती हातगाडीवरून मला बाजारात न्यायची. सकाळी सातला पहिला सोक्का निघे. भट्टी तेव्हा सारखी तापलेली नसते, म्हणून तो कडेला करपलेला आणि मध्ये मऊ असा निघायचा. तो विकायचा नाही, हा तिच्या सासूच्याही आधीपासूनचा रिवाज. पहिली परात पहाटेपासून राबलेल्यांची. फुलवाल्या, मासेवाले, रस्ते धुणारे गाडीभोवती जमायचे आणि उभ्या उभ्या खायचे. विक्री सुरू व्हायची दहाला, माझ्या धाकट्या बहिणींपासून. पहिली मात्र नेहमी मीच. याचा मला अभिमान होता, कशाला खोटे बोलू?

एका वर्षी मार्च महिन्यात हानलोर आली. अकरा वर्षांची, लांब पायांची, दूर उत्तरेकडच्या गेन्ट शहराची मुलगी. तिचे वडील योरिस चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायचे. महिनाभराच्या कामासाठी ते आमच्याकडे आले होते. घरी आई बाळंतपणाच्या गडबडीत, म्हणून हानलोर त्यांच्याबरोबर.

या मुलीने एक व्रत घेतले होते. काकाच्या गोठ्यातले वासरू विकले तेव्हा त्याची आई दोन रात्री हंबरत होती. ते ऐकल्यापासून प्राण्यांकडून घेतलेले काही म्हणजे काही खायचे नाही, असे तिने ठरवले. दूध, लोणी, अंडी, मध, सगळे बंद. घरी आई तिच्यासाठी वेगळे रांधायची. इथे परक्या गावात कोण रांधणार? पहिल्याच रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिला भोवळ आली. योरिस घाबरले. त्यांनी सांगितले, की शनिवारपर्यंत रोज मिळेल असा गरम, पोटभरीचा नाश्ता तू शोधून दाखव. नाही सापडला, तर घरी पोचेपर्यंत रोज सकाळी माझ्यासमोर दूध प्यायचे. पाव आणि जॅम याला ते नाश्ता मानायला तयार नव्हते.

मुलीने मान हलवली, एक वही घेतली आणि सोमवारी सहा वाजता घराबाहेर पडली.

तिने काय काय पाहिले, ते मला मागाहून तिने ती वही वाचून दाखवली तेव्हा कळले. बेकरीत प्रत्येक गोष्टीत लोणी. बेकरीवालीने तर मोठ्या मनाने अगदी थोड्या लोण्याचा पाव पुढे केला. घरमालकिणीने उकडलेले अंडे दिले, म्हणाली की हे काही मांस नव्हे. बंदराजवळ एक बाई भाज्यांचे झकास सूप करायची, पण दुकान उघडायची बाराला. फळवाल्याने संत्री दिली. ती गोड होती, पण तासाभरात पोट रिकामे. त्या काळी असे खाणे मागणाऱ्याला लोक आजारी समजत, कोणी कपाळाला हात लावून तापही बघत.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे ती मंगळवारीही आली, गुरुवारीही आली. गाडीसमोर उभी राहून तिने अदबीने विचारले, की बाई, तुमच्याकडे दूध, लोणी, अंडी, मध नसलेला नाश्ता मिळेल का? फोस्तीनने दोन्ही वेळा सरळ सांगितले, की आमच्याकडे नाश्ता नसतो, बेकरी त्या कोपऱ्यावर आहे.

मित्रांनो, मी त्या दोघींच्या मध्ये होते. माझ्या अंगातून वाफ निघत होती आणि त्या मुलीच्या नाकाखालून जात होती. पण परातीला तोंड असते ते फक्त वरचे, बोलायचे नसते. दोन्ही वेळा ती माझ्याकडे बघून तोंड फिरवून निघून गेली. असे का, ते मला कळेना.

शनिवार उजाडला. आठ वाजता योरिस बाजारात येणार होते. साडेसातला हानलोर आली ती काही न विचारता आमच्या गाडीशेजारी उलट्या खोक्यावर बसली. वहीत फुली मारायला एकही नाव उरले नव्हते. डोळे कोरडे होते, पण ओठ घट्ट आवळलेले.

फुलवाली क्लोतिल्द हातात पुडी घेऊन खात उभी होती. तिला कोणाचे दुःख पाहवत नसे आणि गप्पही बसवत नसे. तिने पोरीकडून सगळे काढून घेतले आणि फोस्तीनकडे वळली.

"अगं ऐकलंस का? हिला दूध नको, लोणी नको, अंडं नको, मध नको. मग हिनं खायचं काय, वारा?"

"वारा फुकट आहे म्हणावं, पाहिजे तेवढा खा," फोस्तीन मला खरवडत म्हणाली.

हानलोर हळूच म्हणाली, "तुमच्या अंड्याच्या पोळीचा वास फार छान येतो. रोज येतो. म्हणून मी इथून लवकर निघून जाते."

क्लोतिल्दचा घास तोंडातच राहिला. "अंड्याची? कुठली अंड्याची?"

आता मला उलगडले. माझ्यातला पिवळा सोक्का पाहून मुलगी त्याला अंडे समजत होती! फोस्तीनला मात्र ते फार लागले. उलथने उगारून तिने चार बोटे मोजून दाखवली. चण्याचे पीठ, पाणी, तेल, मीठ. पाचवे काही माझ्या परातीत आजवर पडलेले नाही आणि मी जिवंत असेपर्यंत पडणारही नाही, असे तिने बजावले.

हानलोर उभी राहिली. "मग बाई, नाश्ता नाही असं का म्हणालात?"

"नाहीच मुळी. नाश्ता म्हणजे कॉफी आणि लोण्याचा पाव. हा कसला नाश्ता? हे तर आम्ही सकाळी खातो."

क्लोतिल्द इतकी हसली, की तिला फुलांच्या बादलीचा आधार घ्यावा लागला. फोस्तीनला हसू आले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मला पहिल्यांदाच पाहत होती.

पण अडचण संपली नव्हती. हानलोरने पुडी मागितली तेव्हा नियम आडवा आला. पहिली परात विकायची नसते, दहाला ये. दहापर्यंत थांबणे म्हणजे हरणे, आठला वडील येणार होते.

"मग ही कोणाची असते?" मुलीने विचारले.

"पहाटेपासून राबलेल्याची."

हानलोरने वही उघडून फोस्तीनपुढे धरली. "मी सोमवारपासून रोज सहाला निघते. याच कामाला."

फोस्तीनला तिची भाषा वाचता येत नव्हती. पण फुल्या मोजता येत होत्या. भाजलेल्या बोटाने तिने एकेक फुली मोजली. तेवीस निघाल्या. मग तिने मुलीच्या धुळीने माखलेल्या बुटांकडे पाहिले. आणि मधला मऊ भाग, जो ती रोज स्वतःसाठी ठेवायची, तो तिने खरवडून कागदात घातला, वर मिरपूड टाकली आणि पुढे केला.

योरिस दुधाची बाटली घेऊन आले तेव्हा मुलगी मासेवाल्यांच्या रांगेत उभी राहून बोटे चाटत होती. त्यांनी एक तुकडा चाखला, पुन्हा एक चाखला आणि म्हणाले, "यात लोणी असणार."

"लोणी तुमच्या गावात," फोस्तीन म्हणाली. "अजून एकदा म्हणा, म्हणजे उलथन्याने उत्तर देते."

योरिसनी तिसरा तुकडा घेतला. रोज मिळेल का, असे त्यांनी फार नम्रपणे विचारले. फोस्तीनने सांगितले, की सातला यायचे आणि येण्याआधी काहीतरी काम केलेले असायचे. मग ते बाटलीकडे पाहत राहिले आणि तिथेच उभ्या उभ्या ते दूध त्यांनी स्वतः पिऊन टाकले. महिनाभर हानलोर रोज आली. येण्याआधी ती ऑर्गनच्या नळ्या पुसून यायची. काळे हात दाखवायची, आपला वाटा घ्यायची आणि जाता जाता माझ्या गार झालेल्या काठावरचा पोचा अंगठ्याने चाचपायची.

त्यानंतर फार वर्षे गेली. फोस्तीन गेली, क्लोतिल्द गेली. कल्हई लावणारे हातही शहरातून नाहीसे झाले. माझी कल्हई उडाली तेव्हा फोस्तीनच्या भाचीने, ओंदीनने, मला घासूनपुसून वार्निश लावले आणि जुन्या भट्टीच्या जागी काढलेल्या दुकानाच्या भिंतीवर टांगले. वाईट नव्हती ती, मला जपल्यासारखेच तिला वाटत होते. खाली नव्या पत्र्याच्या ताटांत सोक्का व्हायचा आणि अकरापासून विकला जायचा. पहिली परात ही गोष्टच कोणाला आठवत नव्हती. पाहुणे माझे फोटो काढायचे. मित्रांनो, करपलेल्या दिवसांत मला कधी थकवा आला नाही, पण त्या भिंतीवर मी दमले.

गेल्या वसंतात एका सकाळी साडेसातला कोणीतरी बंद दार वाजवले. चाळिशीची, लांब पायांची बाई. नाश्ता मिळेल का, असे तिने विचारले. ओंदीन दार उघडून म्हणाली, आमच्याकडे नाश्ता नसतो, बेकरी त्या कोपऱ्यावर आहे. बाई खो खो हसली. मग तिची नजर भिंतीवर गेली. ती आत आली आणि तिने हात वर करून माझ्या काठावरचा पोचा अंगठ्याने चाचपला.

तिने सगळी हकिकत सांगितली. ओंदीनला खरी वाटली नाही. म्हणून हानलोर दुसऱ्या दिवशीही साडेसातला आली, तिसऱ्याही. सहाव्या दिवशी ओंदीनने स्टूल घेतले आणि मला खाली उतरवले. दोघी मला आगगाडीने सीमेपलीकडे, कल्हई जाणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे घेऊन गेल्या. त्याने वार्निश जाळले तेव्हा मला श्वास आला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी माळ्यावर किंवा भिंतीवर असेल. त्याला शोभेला ठेवू नका. कल्हई लावा, काजळी लागू द्या, पोचा पडला तर पडू द्या. आणि भुकेल्याला नाही म्हणण्याआधी आपल्याच पुढ्यात काय वाफाळते आहे, ते एकदा नीट पाहा.

आता ओंदीन पहाटेच भट्टी पेटवते आणि सातला पहिली मीच बाहेर निघते. रस्ते धुणारे लोक दाराशी येऊन उभे राहतात. एखादा पाहुणा घाईघाईने पैसे पुढे करतो. ओंदीन ते परत करते आणि त्याला विचारते, की सकाळपासून काय काम केलेस, ते आधी सांग.