रुपयाला तीन पडी

मी एक जुनी काचपेटी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी भित्री आहे. कोणी शेजारचे दार आपटले तरी माझ्या काचा थरथरतात. आत्ताही मी भीतभीतच बोलते आहे.

माझा जन्म तंजावुरात, दक्षिण वीथी या रस्त्यावरच्या वेंकटेश सुताराच्या दुकानात झाला. तो देवांच्या सोनेरी चित्रांच्या चौकटी करी. फणसाचे लाकूड, चार पाय, वर तीन बाजूंना काच आणि खाली एक खण, असे त्याने मला घडवले. मला वाटले, माझ्यात लोणी खाणारा कृष्ण बसणार. बसला तो तांदूळ!

त्याचे असे झाले. इथले मराठी राज्य खालसा होऊन साठेक वर्षे लोटली होती. राणीने बांधलेल्या एका छत्राच्या, म्हणजे अन्नछत्र असलेल्या धर्मशाळेच्या, जमिनी होत्या. त्यांच्या उत्पन्नावर आमचे कॉलेज चाले आणि गरीब विद्यार्थ्यांना तिथे फुकट जेवण मिळे. पैसा गावाचा, म्हणून कमिटीने नियम केला होता. कॉलेज जे विकत घेईल त्याचा मासला, भाव, विकणाऱ्याचे नाव आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव फाटकाशी सर्वांना दिसेल असे मांडायचे. त्यासाठी मला आणले. वाटीभर तांदूळ, बाटलीत तिळाचे तेल, पायलीभर नाही पण मूठभर डाळ. भिंतींना चुना दिला तेव्हा चुन्याचा खडा ठेवला. न्हाव्याच्या कामाचा मासला काय ठेवावा यावर मात्र मोठा वाद झाला. अखेर नुसती चिठ्ठी ठेवली, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

चिठ्ठ्या लिहीत बाळकृष्णराव. कॉलेजचे म्हातारे कारकून, सरळ माणूस, अक्षर मोत्याचे. पण ते लिहीत मोडीत. छत्राचे हिशेब त्यांच्या आजोबांनी मोडीत लिहिले, वडिलांनी मोडीत लिहिले, मग यांनी दुसरे का लिहावे? कचेऱ्यांतून मोडी केव्हाच गेली होती, रावांच्या बोटांतून गेली नव्हती. बाजारात येणारे लोक तमिळ वाचणारे. ते माझ्यापुढे थांबत, वेलबुट्टी पाहावी तशा त्या ओळी पाहत आणि पुढे जात. "केवढी चोख व्यवस्था आहे!" असेही म्हणत. अशी अकरा वर्षे गेली. जुन्या चिठ्ठ्या माझ्या खणात साठत गेल्या. खरे सांगते, कोणी वाचत नाही याचे मला बरेच वाटे. वाचणारा माणूस काचेला नाक लावतो आणि मला धडकी भरते.

मग एका आडी महिन्यात, म्हणजे ऐन आषाढ-श्रावणात, फाटकावर तमिळमध्ये नोटीस लागली. धान्य पुरत नाही, सबब पुढच्या महिन्यापासून वीस विद्यार्थ्यांचे जेवण बंद. रावांची मुलगी कनकलता त्या दिवशी पहिल्यांदाच बापाचा डबा घेऊन आली होती. घरचा बाजार तीच करी, आणि मोडी तिला बापानेच शिकवली होती. तिने नोटीस वाचली. मग माझ्याकडे वळून तांदळाची चिठ्ठी वाचली; पडी म्हणजे आमच्याकडचे धान्याचे माप.

"अप्पा, हा भाव कोठला? रुपयाला तीन पडी तांदूळ?"

"बिलांत तेंच होतें. मी लिहिलों."

"बाजारांत पांच पडी देतात, अप्पा! काल मीच घेऊन आले."

रावांनी डबा खाली ठेवला. त्यांनी आयुष्यात कधी बाजार केला नव्हता. जे बिलात येई ते खरे, एवढेच त्यांना ठाऊक. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली आणि कनकलता बाजारभाव सांगत गेली. तेल दीडपट. डाळ दीडपट. धान्य पुरवणारा राममूर्ती, मंजुरी कॉलेजच्या मॅनेजरची. सगळे माझ्या काचेमागे उघड मांडलेले होते आणि अकरा वर्षे कोणाला दिसले नव्हते! 

राममूर्तीला वास लागलाच. दुसऱ्या दिवशी तो सुपारी कातरत आला. "रावजी, पेन्शनला तीन महिने उरले ना? चिठ्ठ्यांवर अक्षर तुमचे आहे. उद्या लोक विचारतील, कोणी खाल्ले?" एवढेच बोलून तो गेला. जाताना त्याने माझ्या काचेवर बोटाने टकटक केली. ती टकटक मला अजून ऐकू येते.

तीन दिवस राव माझ्यासमोर नुसते बसून राहिले. माझी किल्ली हातात घेत, परत कनवटीला लावत. ते घाबरले होते. मीही घाबरले होते, आणि मनात म्हणत होते, राव, राहू द्या, आपल्याला काय करायचे आहे? मला त्याची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्यांनी मुलीला दौत-टाक दिला. "कनका, तूं तमिळमध्यें लिही. मला बोलतां येतें, लिहितां येत नाही."

शुक्रवारी सकाळी नव्या चिठ्ठ्या लागल्या. पहिल्यांदा वाचली ती तेल विकणाऱ्या विशालाक्षीने. "रुपयाला तीन पडी?" ती हसली. मागचे हसले. मग हसू थांबले आणि गर्दी वाढू लागली. कोणीतरी ओरडले, "लिहिणारा कोण? तो म्हातारा! त्यानेच खाल्ले!" आणि दगड आला.

तो माझ्या डाव्या काचेवर बसला. मित्रांनो, ते वर्णन मला करवत नाही. कोपऱ्यापासून तडा गेला आणि मला वाटले, संपले.

राव माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "खण पाहा," ते म्हणाले, "अकरा वर्षें मी काय लिहिलों तें पाहा." पण दमट हवेने माझे लाकूड फुगले होते. खण हलेना. मूठ उपटून रावांच्या हातात आली. शेवटी कनकलतेने माझ्या पायाला पाय लावून असा हिसका दिला की खण निघाला आणि चिठ्ठ्यांचा ढीग फाटकाच्या ओसरीवर पडला.

"बाप-लेक मिळून खोटे वाचाल," विशालाक्षी म्हणाली, "आम्हाला काय कळणार?"

मग तिनेच तोड काढली. ढिगातून एक चिठ्ठी उचलली, कनकलतेला बाजूला नेऊन आपल्या कानात तमिळमध्ये वाचायला लावली. तीच चिठ्ठी रावांना दिली आणि तशीच मोठ्याने वाचायला सांगितले. वर्ष, महिना, भाव, विकणारा राममूर्ती, मंजुरी मॅनेजरची. शब्दाला शब्द जुळला. दुसरी जुळली. तिसरीही जुळली.

"पोदुम," विशालाक्षी म्हणाली. पुरे. "खाणारा माणूस असे लिहून ठेवत नाही." आणि तिने रावांना बसायला स्वतःचे बोचके पुढे केले.

विसांचे जेवण चालू राहिले. राममूर्ती आणि मॅनेजर दोघांनाही काढून टाकले. रावांची पेन्शन मात्र कमिटीने थोडी कापली, कारण उघड करायचे ते त्यांनी कोणाला न कळणाऱ्या लिपीत केले. राव म्हणाले, "वाजवी आहे." कनकलता लग्न होऊन तिरुवैयारूला गेली. मला नवी मूठ बसली. तडा तसाच राहिला.

आता मी म्हातारी झाले आहे, आणि भीती वाटण्याचे कारण ऐका. गेल्या महिन्यापासून माझ्या काचेवर बाहेरून कागद चिकटवले जात आहेत. आधी परीक्षेचे वेळापत्रक, मग सभेचे निमंत्रण, मग एक कोरा कागद. आत या महिन्याचा तांदूळ आहे, चिठ्ठीही आहे, पण बाहेरून काही दिसत नाही. परवा कागद लावणाऱ्याने जाताजाता माझ्या काचेवर बोटाने टकटक केली.

मित्रांनो, माझ्याजवळून जाल तेव्हा थांबा. नखाने कागदाचा एक कोपरा खरवडा आणि आत पाहा. तुम्ही वाचू लागलात की पुन्हा दगड येईल, हे मला माहीत आहे, आणि मला फार भीती वाटते. तरी खरवडा. रुपयाला किती पडी, ते मोठ्याने वाचा.