नखाची पारख

"आई, तू फक्त नख लाव. बाकी आम्ही बघतो," असं म्हणत सनीने टायर तिच्या पायाशी लोटला.

"लोटतो काय असा? भोपळा हाय का त्यो? नीट उभा कर."

सनीने मुकाट्याने टायर उभा केला. निघोज्याच्या फाट्यावरच्या त्या पत्र्याच्या दुकानात शनिवारी सकाळी आठ टायर मांडले होते. चार भिंतीकडे, चार दाराकडे. बाहेर परतीचा पाऊस कंटेनरांच्या रांगेवर धो धो ओतत होता. सनीबरोबर त्याच्याच कंपनीतले दोघं आले होते, प्रज्वल आणि योगिनी. आठवडाभर लोकांच्या गाड्या जोडायच्या आणि एखाद्या रविवारी आपली जुनी डबडा गाडी शर्यतीत पळवायची, हा त्या तिघांचा नाद. उद्याची शर्यत सहा तासांची होती, आळीपाळीने चालवायची. पाऊस काही थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून पावसाचे टायर निवडायचे होते. नियमच असा, की सुरू होण्याआधी जो संच कागदावर लिहून द्याल, त्याच्यावरच सहा तास काढायचे. मागून रडून उपयोग नाही.

भिंतीकडचे चार काळेवाडीच्या टायरवाल्या सोपानरावांकडून आणलेले. खास शर्यतीचे, पावसाचे. खोल खोल चऱ्या, वरून काळंभोर पॉलिश, जणू बोहल्यावर चढायला निघालेले. फक्त टायर कुठल्या साली झाला ते सांगणारे कडेचे चार आकडे तेवढे घासून गेले होते. दाराकडचे चार योगिनीने जमवलेले. साधे रस्त्यावरचे, बारीक चऱ्यांचे, पण आकडे स्वच्छ वाचता येत होते. मागच्याच वर्षीचे.

"चऱ्या नुसत्या खोल असून भागत नाही मावशी," योगिनी म्हणाली. "रबर जुनं होऊन कडक झालं असेल, तर ओल्यात पकडणार नाही."

"मला शिकवती व्हय गं? तुझ्या आईचं लगीन ठरलं नव्हतं, तवापास्नं मी रबर बघती."

ते खोटं नव्हतं. बीडकडून नवऱ्यामागे कस्तुरा इकडे आली तेव्हा फाट्यावर बाभळी होत्या. कोंडीराम जॅक लावायचा, चाक खोलायचा. टायर घ्यायचा की टाकायचा हे मात्र तीच सांगायची. उजव्या अंगठ्याचं नख तिने पस्तीस वर्षं वाढवलेलं होतं. ते रबरात रोवायचं. खूण डोळ्यांना कुणाच्याही दिसते, पण नख आत जाताना रबर किती अडतं, किती सोडतं, हे अंगठ्याच्या पोटालाच कळतं. दुसरी शिकलेल्या बाईपुढे दहा चाकी ट्रकवाले हात बांधून उभे राहायचे. कोंडीराम गेला तरी दुकान चाललं ते त्या नखावर.

आता घरात कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगायचं, तर आखाडात एक दिवस ट्यूबला ठिगळ लावताना जळका वास आला. रबर करपलं म्हणून तिने खाली पाहिलं, तर तापलेल्या पट्टीवर तिचाच अंगठा होता. दुखलं काहीच नाही. डोहाळजेवणाला जाते सांगून ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. साखरेने बोटांची जाणीव खाल्ली आहे, असं बाई म्हणाल्या. घरी येऊन तिने सांगितलं, कढई लागली. तेव्हापासून ती वासावर चालवत होती, नाहीतर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तिने भिंतीकडच्या टायरात नख रोवलं. काही नाही. परक्याच्या बोटाने परक्याचा टायर दाबावा तसं. दाराकडच्याला रोवलं. तेच. नाक जवळ नेलं, तर दुकानभर सगळा पॉलिशचाच दर्प.

योगिनीने पिशवीतून एक डबी काढली. आत छोट्या घड्याळासारखं यंत्र होतं, खाली एक बोथट टोक. "मावशी, हे टेकवलं की रबर किती कडक ते आकड्यात कळतं. एकदा लावून बघू?"

"ए बाई, आईसमोर मशीन काढतेस?" सनी हसला. "देवाला टॉर्च दाखवण्यातला प्रकार आहे हा."

प्रज्वलही हसला. योगिनीचा चेहरा उतरला.

तेव्हाच कस्तुरा म्हणाली असती, की लाव गं, बघू तरी काय म्हणतंय, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण लेकाच्या तोंडावर जो अभिमान फुलला होता, तो बघून तिचं तोंड आपोआप उघडलं.

"ठिव ते पिशवीत. भिंतीकडचे घ्या. लोण्यावानी मऊ हायेत."

रविवारी ती स्वतःहून गाडीत जाऊन बसली. आजवर शर्यत म्हटलं की ती नाक मुरडायची.

"आज कसं काय येणं केलंत?" सनीने चिडवलं.

"अक्षदा पाठवायच्या व्हत्या का? चल गुमान."

बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागे गाड्या तपासायचा वळणावळणाचा रस्ता होता, तिथे शर्यत होती. सतरा गाड्या. सगळीकडे हेल्मेट घातलेली बाप्ये माणसं आणि पेट्रोलचा वास. आठ टायरही सोबत होते, चार गाडीखाली, चार टेम्पोत. कस्तुरा टेम्पोतल्या चार टायरांवरच बसली. पदराखाली मूठ घट्ट.

आधी अर्धा तास सराव. सनी गेला. पहिली फेरी बरी गेली, दुसरीही. तिसऱ्या फेरीला लांबच्या वळणावर गाडी ओल्या न्हाणीघरातल्या साबणासारखी सटकली. एक गिरकी, दुसरी गिरकी. कडेला जुन्या टायरांची भिंत रचली होती, तिच्यापासून दोन हातांवर ती थांबली, उलट्या तोंडाने. कस्तुरा उठून उभी राहिली होती. कधी उठली ते तिला कळलं नाही.

सनी परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण हसत होता. "माझंच चुकलं. ब्रेक उशिरा दाबला."

"भावा, टायर पकडत नसतील," प्रज्वल हळूच म्हणाला.

"टायरचं नाव काढू नकोस. आईने नख लावलंय त्याला. माझाच हात बसला नाही अजून."

पोरगा मरणाच्या दोन हातांवरून आला होता आणि दोष स्वतःच्या हाताला देत होता. आईच्या अंगठ्याला नाही.

योगिनी कागद भरत होती. वेळ संपत आला होता. तिने विचारलं, "मग भिंतीकडचाच संच लिहू ना?"

"लिही," सनी म्हणाला.

"थांब गं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शेजारच्या गाडीजवळची माणसंही बघायला लागली. फाट्यावरचे दोघं-चौघं त्यांत होतेच, तिला ओळखणारे.

"ते तुझं घड्याळ आणलंय का?"

योगिनीने सनीकडे पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघती? मी इचारती तुला."

योगिनीने यंत्र काढलं. गाडीखालच्या टायरला टेकवलं, मग टेम्पोतल्या. आकडा बघून ती कस्तुराच्या कानाशी वाकली.

"मोठ्यानं सांग," कस्तुरा म्हणाली. "मी बी मोठ्यानंच सांगितलं व्हतं."

"गाडीखालचे अठ्ठ्याहत्तर. टेम्पोतले साठ." "आकडा मोठा म्हणजे रबर कडक, मावशी."

"एवढं कळतंय मला."

"अगं, गारठ्याने झाले असतील कडक," सनी घाईने म्हणाला. "काल मऊच असणार. तू बघितलेस ना."

अजूनही तो तिलाच सावरत होता. कस्तुराने पदराखालून हात काढला आणि त्याच्या समोर धरला. अंगठ्याच्या पोटावर गुळगुळीत गुलाबी डाग होता.

"कढईचं खोटं हाय. दुकानातल्या पट्टीवर भाजला, आन् मला कळलंच न्हाई. आखाडापास्नं ह्याला काय बी कळत न्हाई. काल मी अंदाजानं बोलले, सनी. तुझ्या जिवावर अंदाज केला मी."

पाऊस तेवढा गाडीच्या टपावर वाजत होता.

"सांगायचं ना आई," तो शेवटी म्हणाला.

"कुणाला सांगू? तू देव करून ठिवला व्हता माझा. आन् मला बी ते ग्वाड लागत व्हतं."

सनीने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने जॅक घेतला आणि चिखलात गुडघा टेकून पहिलं चाक खोलायला लागला. कोंडीराम रागावला की असाच खाली मान घालून चाक खोलायचा.

कागदावर योगिनीचा संच लिहिला गेला. सहा तासांत गाडी एकदाही घसरली नाही. सतरात अकरावे आले. टाळ्या वाजवण्यासारखं काही नव्हतं. कस्तुराने मात्र लांबच्या वळणावरून गेलेली प्रत्येक फेरी मोजली.

येताना फाटा जवळ आला तेव्हा सनी पहिल्यांदा बोलला. "डॉक्टरकडे परत कधी बोलवलंय?"

"बुधवारी."

"मी सुट्टी टाकतो."

"शिफ्ट बुडवू नको. मला काय पाय न्हाईत का?"

"टाकतो म्हटलं ना." आवाजात अजून कालचा गोडवा आला नव्हता. पण त्याने रजा मात्र टाकली.

सोमवारी सकाळी यशवंतराव आले. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक, ट्रकवाले. त्यांनी टायर दारात उभा केला. "कस्तुराबाई, लावा नख."

कोंडीरामच्या पान्यांशेजारी खिळ्याला योगिनीचं यंत्र टांगलेलं होतं. काल शर्यतीहून येताना तिने ते न विचारताच ठेवून दिलं होतं. कस्तुराने ते काढलं, टायरला टेकवलं आणि आकडा वाचला.

"हे काय आणखी? आमचा मशीनवर नाही, तुमच्या नखावर विश्वास."

"नख रिटायर झालं, यशवंतराव. आता ह्यो आकडाच खरा. टायर टाकून द्या, फार तर चार म्हयने जाईल."

यशवंतरावांनी यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं, बघतो," ते म्हणाले. "जरा पुढे पण दाखवतो." आणि टायर घरंगळवत पुढच्या दुकानाकडे निघाले. कालपर्यंत त्याच माणसाने तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. कस्तुराने हाक मारली नाही.

ट्यूब कापायची कात्री घेऊन ती दारातल्या लाकडी पेटीवर बसली. पस्तीस वर्षांचं नख जाड झालं होतं, पिवळट, टोकाशी बाकदार. दोनदा दाबावं लागलं. तुकडा उडून रबराच्या चुऱ्यात पडला आणि दिसेनासा झाला. नख कापताना दुखत नाही म्हणतात. तिला कात्री लागलेलीसुद्धा कळली नाही. अंगठ्याच्या कडेला रक्ताचा थेंब वर आला तेव्हा जखम दिसली.

तिने तो पदराने पुसला, अंगण झाडलं आणि यंत्र पुन्हा खिळ्याला अडकवलं.