पांढऱ्या नळकांड्यातला खांब

मी एक जुना लाकडी खांब आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

एका घराच्या मागच्या अंगणातले छप्पर आम्ही चौघा भावांनी वीस वर्षे पेलले. मी दाराजवळचा. मालकाची थोरली बहीण माझ्याशेजारी शिवणयंत्र घेऊन बसे. ती दरवर्षी न विसरता मला तेलाचा हात देई. मालकाने मात्र आम्हाला कधी बोटही लावले नाही.

मग शेजाऱ्याने नक्षीदार पांढरे खांब बसवले आणि मालकाच्या पोटात दुखू लागले. त्यानेही तसलेच आणले. आतून पोकळ, दोन फाकांचे, आमच्याभोवती मिटवून बसवायचे. सुताराने ते बसवले आणि खाली बोटभर फट सोडली.

"ही फट कसली?" मालक खेकसला.

"पाणी निघायला वाट नको का, साहेब? बुजवली तर आतलं लाकूड कुजेल."

"तू सुतार आहेस की खांबाचा वकील? बुजव म्हटलं ना!"

"मग तुमच्या हातानंच बुजवा," असे म्हणून सुतार हत्यारे गोळा करून चालता झाला. मालकाने खरोखरच सिमेंट कालवले आणि फट लिंपून टाकली.

त्या दिवसापासून मी अंधारात. वरच्या सांध्यातून पाणी झिरपे आणि माझ्या पायाशी साचून राही. पाहुणे त्या नळकांड्यावर थाप मारून म्हणत, "वा, काय भक्कम खांब!" भार माझ्या डोक्यावर आणि कौतुक त्या भामट्याचे! माझ्या अंगाचा तिळपापड होई.

दोन वर्षांत माझा पाय भुसभुशीत झाला. छप्पर खचले आणि मागचे दार उघडताना छपराच्या खाली आलेल्या तुळईला घासू लागले.

"अरे, छप्पर खाली आलंय. खांब उघडून बघ," बहीण म्हणाली.

"ताई, तुला सगळ्यातच खोट दिसते. दार फुगलंय," असे म्हणत त्याने रंधा आणला आणि दार तासले. दार तासले, मित्रांनो!

मी कोसळलो असतो तर खाली तीच सापडली असती. म्हणून उरलेसुरले बळ लावून मी कुरकुरत राहिलो. एका दुपारी तिने यंत्र थांबवून कान दिला. यंत्र आत नेले, हातोडा आणला आणि नळकांड्याच्या बुडाशी घाव घातला. काळे पाणी बाहेर आले आणि त्याबरोबर माझ्या पायाचा भुगा.

"काय केलंस हे ताई! संध्याकाळी पाहुणे यायचेत!"

"येऊ देत की. आधी तू बस इथे. थांब, खुर्ची आणते."

मालकाने वर छपराकडे पाहिले आणि तो गुपचूप मागे सरला.

आता मला काढून माझ्या जागी नवा खांब उभा केलाय आणि मी भिंतीच्या कडेला पडून आहे. "लाकूडच सडकं निघालं," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. मित्रांनो, खांब नटवायचा तर खुशाल नटवा, पण त्याचा पाय कोरडा ठेवा. तेवढेही जमत नसेल तर त्या छपराखाली स्वतः बसा, बहिणीला बसवू नका.