सहा फुल्या

टिक्, टिक्, टिक्, टिक्.

प्लॅस्टिकच्या इवल्याशा पेल्यात चार गोळ्या पडल्याचा आवाज. ऐकून पुष्कळ वर्षं झाली, पण अजून कुणी टेबलावर नखं वाजवली की मी दचकतो.

मी एक पुठ्ठा बोलतोय. परीक्षेला मुलं नेतात ना, वर चिमटा असलेला लाकडी, तसलाच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका इस्पितळात मी सहा नंबरच्या खाटेच्या पायथ्याशी लटकलेला असायचो. शिकलेला मी नाही. छातीवर औषधांचा कागद लागायचा, तो वाचत वाचत चार अक्षरं आली, एवढंच.

कागदावर डावीकडे औषधाचं नाव, पुढे रोजची एकेक चौकट. डॉक्टरनं लिहायचं, नर्सनं औषध देऊन चौकटीत सही करायची. चौकट रिकामी असली म्हणजे द्यायचं. तो कागद मी कधी पडू दिला नाही. मला त्याचा अभिमान होता.

एका डिसेंबरात एफी रॅट्रे माझ्या खाटेवर आल्या. बर्फावरून घसरून खुबा मोडलेला. चाळीस वर्षं मासे धुरावर वाळवायच्या शेडमध्ये राबलेल्या; बोटं संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली. जीभ मात्र सरळ. संधिवातासाठी त्या मेथोट्रेक्सेटच्या चार पिवळ्या गोळ्या घ्यायच्या, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. रोज घेतल्या तर ते विषच. म्हणून बाकीच्या सहा दिवसांच्या चौकटींत फुल्या मारलेल्या असत. डॉक्टर विसरला तर फार्मासिस्ट पिरीबाई आपल्या हिरव्या पेनानं मारत. फुली दिसली की नर्सचा हात थांबे.

आजींचा डॉक्टर मर्डो गिलिस. परीक्षा पास होऊन जेमतेम पाच महिने झालेले. काळेभोर केस, काटकुळा.

"काय रे पोरा, आईनं जेवायला घातलं नाही का?"

"घातलं आजी, पण तुम्ही लोक पळवून पळवून सगळं जिरवता."

"बरं, नव्या वर्षाचं पहिलं पाऊल माझ्या खाटेशी तुझंच पडू दे. काळ्या केसांचा माणूस शुभ. शकुनाचा कोळसा आण बरोबर. रिकाम्या हातानं आलास तर काठी घालीन पाठीत!"

एकतीस डिसेंबरची दुपार. माझा कागद भरला होता. भरला की सगळी औषधं नव्या कागदावर उतरवायची. मर्डो उभ्याउभ्याच उतरवत होता. मध्येच कमरेचा पेजर केकाटला, मध्येच कुणी हाक मारली. 'मेथोट्रेक्सेट, चार गोळ्या, सकाळी.' एवढं लिहिलं गेलं. 'आठवड्यातून एकदा' राहिलं. फुल्या राहिल्या. अक्षर मात्र सुरेख. खट्कन चिमटा बसला आणि मी तो कागद घट्ट धरला.

पहिली आणि दुसरी जानेवारी आमच्याकडे सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. पिरीबाई सोमवारीच येणार होत्या.

गुरुवारी सकाळी मर्डो खरंच कोळशाचा तुकडा घेऊन आला. आजी लहान मुलीसारख्या हसल्या. तेवढ्यात शेजारी नर्सच्या हातून टिक्, टिक्, टिक्, टिक्.

आज सोमवार नव्हता.

"आज पण?" आजींनी विचारलं.

"कागदावर आहे, आजी."

आजींनी मर्डोकडे पाहिलं. तो खिडकीत कोळसा ठेवायला जागा करत होता. "माझ्या डॉक्टरनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या, आणि गोळ्या गिळल्या.

शुक्रवारी टिक् टिक्. शनिवारी. रविवारी त्यांचं तोंड आतून सोलून निघालं होतं. लेकीनं आणलेली लोण्याची बिस्किटं तशीच राहिली. सोमवारी पहाटेपासून ताप, तरी नर्सनं पेला पुढे केलाच. मग पिरीबाई आल्या. मला उचललं, हिरव्या पेनाचं टोपण काढलं, आणि पेन तसंच हवेत राहिलं.

"पाच सह्या," एवढंच त्या बोलल्या.

त्या औषधावरचा उतारा सुरू झाला. पण आजींची मूत्रपिंडं आधीच थकलेली, औषध अंगातून बाहेर पडेना. आठवड्याच्या आत त्या गेल्या. कोळसा खिडकीतच होता.

मला तेव्हा खरं वाटेना, आजही वाटत नाही. कुणी वाईट नव्हतं हो! चांगला मुलगा, सुरेख अक्षर, पाच नीट सह्या. आणि मी, कागद घट्ट धरून बसलेला.

पुढे इस्पितळात संगणक आले. आम्ही सगळे पुठ्ठे टाकून दिले जाणार होतो, तेव्हा मर्डोनं मला मागून घेतलं. तो आता विद्यार्थ्यांना औषधं लिहायला शिकवतो. दरवर्षी आजींच्या त्या कागदाची नक्कल, नावांवर काळी पट्टी चिकटवून, माझ्या छातीवर लावतो. दरवर्षी कुणीतरी हसतं आणि विचारतं, हे कुणी लिहिलं? दरवर्षी तो म्हणतो, "होता एक डॉक्टर." मला वाटायचं, सांग रे बाबा. नाहीतर ही पोरं समजतील, चुकणारे कुणी वेगळेच असतात.

या वसंतात त्याचा शेवटचा वर्ग होता. केस पांढरे झाले आहेत. त्यानं आधी प्रत्येकाला एक भरलेला कागद दिला आणि दहा मिनिटांत नव्यावर उतरवायला सांगितलं. मध्येच टेबलावरची घंटा वाजवायचा, मध्येच कुणाला उठवून प्रश्न विचारायचा. शोना बुकान नावाच्या मुलीनं सगळ्यांच्या आधी संपवलं.

मग त्यानं मला वर धरलं. "यात चूक काय?"

"रोज मेथोट्रेक्सेट?" शोना हसली. "सर, कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

वर्ग खिदळला. मर्डोनं तिचा कागद घेतला आणि जुन्या कागदाशेजारी माझ्या चिमट्यात अडकवला. त्यातही मेथोट्रेक्सेटपुढे फुल्या नव्हत्या.

हसू थांबलं. शोनाचे कान लाल झाले. "पण सर, तुम्ही सारखी घंटा वाजवत होता. मला घाई झाली."

मर्डोनं जुन्या कागदावर बोट ठेवलं.

"मलाही झाली होती," तो म्हणाला. "त्या दिवशी एकतीस डिसेंबर होता."

मग त्यानं काळी पट्टी नखानं खरवडून काढली आणि आजींचं नाव मोठ्यानं वाचलं. कोळशाचंही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

माझ्या लाकडाचा भुगा होतोय, चिमटा गंजलाय. औषध लिहिणाऱ्या लेकरांनो, एवढंच मागणं आहे. नको असलेल्या दिवसाची चौकट रिकामी ठेवू नका. रिकामी चौकट हात पसरून बसते.

मुलं एकेक करून उठली. शोना बसून होती. मर्डो खिडकीकडे तोंड करून उभा. तिनं मला मांडीवर घेतलं आणि आपल्या कागदावर फुल्या मारल्या. सावकाश, दाबून. सहाही फुल्या मला आतपर्यंत जाणवल्या. मग चिमट्याचा आवाज होऊ न देता तिनं मला टेबलावर ठेवलं, आणि निघून गेली.