गुरुवारचं सूप आणि शुक्रवारचं नाणं

मी कार्बोरेटर. हवा आत ओढायची, तिच्यात पेट्रोल मिसळायचं आणि इंजिनाला भरवायचं, एवढं करण्यात माझा जन्म गेला. आज हवाही नाही आणि पेट्रोलही नाही, म्हणून बोलायला सवड आहे.

आम्ही जोडीनं जन्मलो. मी पुढचा, भाऊ मागचा. दालार्ना प्रांतातल्या एवर्ट नावाच्या माणसाच्या निळ्या गाडीत आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. गाडी त्यानं एका गोठ्यातून गंजलेली आणली होती. पत्रा ठोकला, सीट शिवल्या, मला रॉकेलमध्ये बुडवून टूथब्रशनं घासलं. तेव्हा त्याचे हात मायेचे होते, हे कबूल करायला हवं.

आम्हा दोघांची हवा सारखी लागली पाहिजे, नाहीतर इंजिन थरथरतं. ती लावायची कानानं. रबराची एक नळी, एक टोक कानात, दुसरं माझ्या तोंडाशी. मग भावाच्या तोंडाशी. दोघांचा सुसकारा एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. नळी एवर्टच्या वडिलांची. घरात ज्याला कान, त्याला नळी, असा त्यांचा रिवाज.

एवर्टची मुलगी टूवा लहानपणापासून ती नळी मागत होती. तो म्हणायचा, "पोरी, तुला कान नाही." पुढे ती मेकॅनिक झाली. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्या दुरुस्त करायची. मग काय, एवर्टला आयतं कोलीत मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी गावच्या मैदानावर जुन्या गाड्या जमत. कॉफी, दालचिनीचे बन आणि फुशारक्या. एवर्ट बॉनेट उघडायचा, इंजिन चालू करायचा आणि त्याच्या झाकणावर पाच क्रोनरचं नाणं कडेवर उभं करायचा. नाणं हलत नसे. लोक वा वा करत. एवर्ट टूवाकडे बोट दाखवी.

"हिला विचारा कसं करायचं ते. हिला संगणक लावल्याशिवाय स्वतःला सर्दी झालीय हेसुद्धा कळत नाही."

लोक हसत. टूवाही हसायची. मला मात्र राग यायचा, कारण खरी गोष्ट मला आणि भावालाच ठाऊक होती.

एवर्टचा कान केव्हाच गेला होता. लाकूड कापायच्या गिरणीत उभी हयात घालवल्यावर काय उरणार? कानातलं यंत्र तो ड्रॉवरमध्ये ठेवी. बुधवारी नळी लावून मान डोलवायचा आणि आम्हाला पार बिघडवून ठेवायचा. गुरुवारी टूवा वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक घेऊन यायची. बाप जेवून खुर्चीत पेंगला की ती गॅरेजमध्ये येई, इंजिन सुरू करी, माझा स्क्रू जरासा फिरवी. बापाला इंजिनाचाही आवाज ऐकू येत नसे. तिला नळी लागत नसे. बुधवारी तो बिघडवायचा, गुरुवारी ती लावायची, शुक्रवारी तो मिरवायचा. अशी सहा वर्षं गेली.

मग एका गुरुवारी सूप पिता पिता तो म्हणाला, "गाडी आणि नळी मी ब्रोरला देणार." ब्रोर म्हणजे त्याचा क्लबातला दोस्त. गॅरेजचं दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं.

"ब्रोरला का, बाबा?"

"घरात कान असलेलं कोणी नाही म्हणून."

टूवानं पातेलं धुतलं आणि ती निघून गेली. माझ्याकडे आलीच नाही.

शुक्रवारी नाणं पडलं. एवर्टनं पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत ब्रोरच्या बुटापाशी गेलं. एवर्ट लाल होऊन म्हणाला, "कार्बोरेटरच भिकार निघाला." भिकार मी!

टूवा पुढे आली. डोळे मिटले, माझा स्क्रू किंचित फिरवला, नाणं उचलून उभं केलं. उभं राहिलं.

"बाबा, तुमचा कान गेलाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "सहा वर्षं दर गुरुवारी मीच लावतेय. तुम्ही झोपलात की."

कुणी हसलं नाही. ब्रोर कॉफीच्या कपात बघत राहिला. एवर्टनं बॉनेट आपटलं. मला तिचं बोलणं गोड लागलं, खोटं कशाला बोलू? पण नाणं आतच राहिलं, ते उचलायलाही म्हातारा थांबला नाही, तेही मीच जवळून पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं आम्हाला उपटलं. गाडी दूरच्या एका गॅरेजात नेऊन आमच्या जागी संगणकावर चालणारी यंत्रणा बसवून घेतली. आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या तेच! कान असलेल्या माणसाची गरजच उरू नये म्हणून.

गुरुवारी टूवा सूप घेऊन आली. त्यानं तिला आत घेतलं नाही. उंबऱ्यावर खोकं ठेवलं. आत मी, माझा भाऊ आणि नळीचे तुकडे.

"कान तुझा होता," तो म्हणाला, "पण नळी माझी होती. कापली."

दार लागलं. तिनं पातेलं खोक्यावर ठेवलं आणि दोन्ही उचलून ती घरी निघाली.

आता मी तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. बुधवारी ती अजून वाटाणे भिजत घालते आणि गुरुवारी एकटीच जेवते. मग कधी कधी नळीचा एक तुकडा माझ्या तोंडाशी धरते, दुसरं टोक कानाला लावते आणि डोळे मिटते.

बाबांनो, तुमच्यापैकी कुणी तिच्या घरी गेलात तर माझ्यात एक फुंकर घाला. ती कान लावून बसते, आणि तिला ऐकवायला माझ्याजवळ काही नाही.